भविष्याचा शिंपी

1985 च्या आसपासची गोष्ट. बँकेत नुकताच अधिकारी म्हणून लागलो होतो आणि पहिलीच नेमणूक तालुक्याच्या एका गावी झाली होती. माझ्या घरमालकांकडे टीव्ही होता, कृष्णधवल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागली की त्यांच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं सहज जमत. त्यांत आमच्या शाखेचे एक कर्जदार असत. शिलाई यंत्रासाठी त्यांना मीच कर्ज मंजूर केलं होतं. गावात सगळे त्यांना टेलरमास्तर म्हणत. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि अंतराळयानाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. ते टक लावून बघत ते कप्तान कर्कच्या सदऱ्याकडे. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, की या सदऱ्याला ना बटण, ना काज, ना चेन. गळा तर एवढासा. मग हा माणूस तो अंगात घालतो कसा?

मला उत्तर देता आलं नाही. ते बऱ्याच वर्षांनी सापडलं आणि उत्तराबरोबर एक माणूसही सापडला. विल्यम वेअर थाइस, ‘स्टार ट्रेक’चा पहिला वेशभूषाकार.

जीन रॉडनबेरी या लेखक-निर्मात्याने 1964 मध्ये मालिकेचा पहिला नमुना-भाग करायला घेतला, तेव्हा वेशभूषेचं काम थाइसकडे आलं. काही शतकांनंतरच्या माणसांचे कपडे शिवायचे होते. त्यांना खिसे नकोत, बटणं किंवा चेन दिसायला नको, अशी अपेक्षा. पैसा मात्र बेताचा आणि वेळ त्याहून बेताचा. थाइसने चेन लावलीच, पण गळ्यापासून काखेपर्यंत जाणाऱ्या बाहीच्या तिरक्या शिवणीत ती बेमालूम लपवून टाकली. टेलरमास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

8 सप्टेंबर 1966 रोजी मालिका एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. अमेरिकेत रंगीत टीव्हीचे ते उमेदीचे दिवस. एनबीसीची मालक आरसीए कंपनी स्वतःच रंगीत टीव्ही संच विकत असे. साहजिकच, पडद्यावर रंग दिसायला हवे होते. नमुना-भागांतले फिके सदरे गेले आणि तीन ठळक रंग आले: अधिकारपदावरच्यांना सोनेरी, शास्त्रज्ञ-डॉक्टरांना निळा, तंत्रज्ञ आणि सुरक्षारक्षकांना लाल. बाहीवरच्या पट्ट्यांवरून हुद्दा कळे. माणूस तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला त्याचं काम समजावं, ही केवढी सोय! आमच्या बँकेत शिपायाचा खाकी गणवेश हेच काम करत असे.

पण यात एक गंमत आहे. तो सोनेरी सदरा सोनेरी नव्हताच. थाइसने निवडलेलं कापड हिरव्या छटेचं होतं. ते व्हेलूर नावाचं मखमलीसारखं कापड. स्टुडिओच्या दिव्यांत आणि फिल्मवर ते सोनेरी दिसू लागलं. कर्कचा समारंभाचा पोशाख वेगळ्या कापडाचा होता, म्हणून तो पडद्यावरही हिरवाच दिसला. एकाच माणसाचे दोन रंगांचे कपडे का, या कोड्यावर चाहते पुढे वर्षानुवर्षं चर्चा करत राहिले.

व्हेलूरने आणखी एक दगा दिला. प्रत्येक धुलाईला ते आटायचं आणि पटकन उसवायचंही. भविष्यातल्या माणसांचे सदरे पोटावरून वर सरकू लागले. तिसऱ्या वर्षी मालिकेचं अंदाजपत्रक कापलं गेलं, पण सदऱ्याचं कापड तरी बदललं. न आटणारं विणीचं कृत्रिम कापड आलं. 79 भागांनंतर, 1969 मध्ये, मालिका बंद पडली.

थाइसचं खरं कसब दिसे ते पाहुण्या पात्रांच्या वेशांत. परग्रहावरची राणी, देवता, यंत्रकन्या; दर आठवड्याला नवं जग आणि त्यासाठी थोडक्याच दिवसांची सवड. 1967 मधल्या एका भागात ग्रीक देव अपोलो एका तरुणीवर भाळतो. तिच्यासाठी थाइसने शिवलेला गुलाबी झगा खांद्यावरून मागे सोडलेल्या जड पदराच्या वजनावरच तोलून धरलेला होता. त्याचा हिशेब साधा होता. वस्त्र किती कमी आहे यात मोहकपणा नाही; ते आता घसरेल की काय, ही बघणाऱ्याच्या मनातली धाकधूक खरी. नऊवारीचा पदर सावरताना पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. स्त्री-कर्मचाऱ्यांचे आखूड झगे मात्र आज खटकतात. त्या काळी ते आधुनिकतेची खूण मानले जात, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

मालिकेनंतर थाइस उलट दिशेला गेला. ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या 1976 च्या चित्रपटात त्याने मंदीच्या काळातल्या, धुळीने माखलेल्या गरीब अमेरिकनांचे विटके कपडे उभे केले. त्यासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे आणखी दोनदा मिळालं. ऑस्कर एकदाही नाही. इकडे 1979 पासून ‘स्टार ट्रेक’चे चित्रपट सुरू झाले होते. त्यांचे कपडे रॉबर्ट फ्लेचरने केले: आधी फिके करडे, मग 1982 पासून नौदलाची आठवण करून देणारे गडद लाल कोट.

1987 मध्ये नवी मालिका निघाली तेव्हा रॉडनबेरीने पुन्हा थाइसला बोलावलं. आता भविष्यात सुरकुतीसुद्धा नको होती. थाइसने ताणल्या जाणाऱ्या स्पँडेक्सचे अंगाबरोबर, किंबहुना अंगापेक्षा लहान, एकसंध पोशाख शिवले. दिसायला झकास. पण दिवसभर ते घालून पॅट्रिक स्ट्यूअर्ट आणि इतर कलाकारांच्या पाठी धरल्या. तिसऱ्या वर्षी रॉबर्ट ब्लॅकमनने लोकरी कापडाचे दोन-तुकडी गणवेश आणले. तेही बसताना वर सरकत. म्हणून स्ट्यूअर्टचा कप्तान उठता-बसता कोट खाली ओढी आणि ती लकबच प्रसिद्ध झाली.

थाइसने नव्या मालिकेचं पहिलंच वर्ष केलं. त्या कामासाठी 1988 मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला. तो कोणत्या भागासाठी? ज्यात यानावरची माणसं 1941 सालच्या सॅन फ्रान्सिस्कोचे सूट आणि हॅट घालून वावरतात त्या भागासाठी! भविष्य शिवणाऱ्याचा सत्कार झाला तो भूतकाळ नीट शिवल्याबद्दल. 1992 च्या डिसेंबरात, साठी नुकतीच उलटलेली असताना, तो गेला.

2006 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या संस्थेने ‘स्टार ट्रेक’च्या वस्तूंचा आणि कपड्यांचा तीन दिवस लिलाव केला. सत्तर लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. बेताच्या पैशात शिवलेल्या कपड्यांना किंमत आली, पण ती बघायला शिवणारा नव्हता. जन्मभर लोकांची खाती सांभाळल्यामुळे असेल, मला अशी उशिरा जमा झालेली रक्कम फार बोचते.

2022 मध्ये सुरू झालेल्या मालिकेतही कप्तान सोनेरी सदराच घालतो. आता त्याचं कापड खरोखर सोनेरी असतं. थाइसच्या मनातला हिरवा रंग त्या नेहमीच्या सदऱ्यावर आला नाही. कॅमेऱ्याची चूक मात्र परंपरा झाली. चुकीची नोंद वेळेत दुरुस्त झाली नाही तर पुढे तीच खरी धरून हिशेब चालतो, हे मी वहीखात्यांत अनेकदा पाहिलं आहे.

वर्षभरातच माझी त्या गावाहून बदली झाली. टेलरमास्तरांनी शेवटचा हप्ता वेळेवर भरला, असं नंतर कळलं. चेन कुठे दडवली होती हे त्यांना सांगायचं राहून गेलं. सदऱ्याच्या रंगाबद्दल मात्र आमचा वाद झालाच नसता. त्या ओसरीवर आम्हा दोघांनाही तो करडाच दिसला होता.