‘के’च्या मागचा माणूस

सॉइल लॅबमध्ये ‘के’ काढायचा, जर्नलवर सही घ्यायची आणि विसरून जायचं, ही आपली पद्धत! ‘के’ म्हणजे पर्मिएबिलिटी, मातीतून पाणी किती सहज झिरपतं त्याचं माप. माती, वाळू, दलदलीतलं पीट, सगळीकडे हा लागतो. पण मित्रांनो, तो ज्याच्यामुळे मिळाला तो हेन्री डार्सी मातीचा शास्त्रज्ञ नव्हताच. तो होता गावाला पाणी आणणारा इंजिनीअर.

जन्म १८०३, फ्रान्समधलं दिजों. चौदाव्या वर्षी वडील गेले, पण आईने शिक्षण थांबू दिलं नाही. पॅरिसला शिकून तो सरकारी नोकरीत लागला आणि आपल्याच गावी आला. गावात पाण्याचे हाल, आणि होतं तेही घाण. (हॉस्टेलवाल्यांना जास्त सांगायला नको.) डार्सीने दूरच्या रोझ्वार झऱ्याचं पाणी १२.७ किलोमीटरच्या बंदिस्त कालव्यातून १८४० मध्ये गावात आणलं. पंप नाही, सगळं उतारावर! या कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत. घेतलं ते सुवर्णपदक आणि घरी आयुष्यभर फुकट पाणी. मला तर त्याच्या लॉपेक्षा हेच जास्त आवडलं.

१८४८ च्या क्रांतीनंतर राजकारणापायी त्याला गाव सोडावं लागलं. पुढे पॅरिसची नोकरी, मग तब्येत ढासळली. १८५५ मध्ये कामातून मोकळा होऊन तो दिजोंला परतला. आता आराम करावा ना? याने दवाखान्याच्या आवारात ३५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप उभा केला, त्यात वाळू भरली आणि वरून पाणी सोडलं. पाणी गाळायला वाळूचा फिल्टर केवढा हवा, हा त्याचा साधा प्रश्न होता. उत्तर असं आलं, की पाण्याचा हेड दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, वाळूचा थर दुप्पट केला तर प्रवाह निम्मा. १८५६ मध्ये दिजोंच्या पाणीपुरवठ्यावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात हा नियम कुठे? शेवटी, परिशिष्टात! २ जानेवारी १८५८ ला पॅरिसमध्ये न्यूमोनियाने तो गेला, वय फक्त ५४. गावाने पाण्याच्या टाकीजवळच्या चौकाला त्याचं नाव दिलं.

त्याने तपासली फक्त वाळू. पीट म्हणजे पाण्यात हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ आणि गवत. वरचा ताजा थर स्पंजसारखा, तिथे ‘के’ भरपूर. खाली कुजून दबलेल्या थरात तोच हजारपटीनेही कमी असू शकतो. म्हणून पाणी अडून राहतं आणि दलदल सहसा सुकत नाही. पण वाळूचा कण घट्ट असतो, पीट दाबलं की दबतं आणि ‘के’ही बदलतो. त्यामुळे फार कुजलेल्या पीटला डार्सीचा नियम जसाच्या तसा लागू होतो का, यावर शास्त्रज्ञांमध्ये चांगलेच वाद झालेत.