संत थॉमस अक्वायनस : ईश्वरशास्त्राचे विद्यार्थी आणि गुरु



जुबिलीच्या ह्या शुभप्रसंगीं आपल्या हातीं एखाद्या संताचें चरित्र द्यावें असें मनांत आलें, तेव्हां आम्हांस प्रथम संत थॉमस अक्वायनस ह्यांचें स्मरण झालें. त्याचें कारण असें कीं, गेल्या कित्येक वर्षांत अनेक आईबाप एकच चिंता घेऊन आमच्याकडे आलेले आहेत. मूल कॉलेजांत गेलें आणि धर्माविषयीं नाना प्रश्न घेऊन घरीं परतलें. आतां त्याच्या श्रद्धेचें काय होणार? प्रश्न विचारणें म्हणजे श्रद्धा ढळणें, असें पुष्कळांस वाटतें. ज्या पुरुषानें आपलें आयुष्य विद्यापीठांत प्रश्न मांडण्यांत व त्यांचीं उत्तरें शोधण्यांत वेंचलें, आणि ज्यास पवित्र ख्रिस्तसभेनें संतपद दिलें, त्याची जीवनकथा ह्या चिंतेवर कांहीं प्रकाश पाडील अशी आमची खात्री आहे.

थॉमस ह्यांचा जन्म सुमारें इ. स. १२२५ सालीं, रोम व नेपल्स ह्यांच्या दरम्यान असलेल्या रोक्कासेक्का येथील गढींत, एका सरदार घराण्यांत झाला. पिता लांदुल्फ व माता तेओदोरा ह्यांनीं आपल्या ह्या धाकट्या पुत्रास पांचव्या वर्षाच्या सुमारास मोंते कास्सिनो येथील बेनेडिक्टाइन मठांत ठेविलें. पुढें तो त्या वैभवशाली मठाचा अधिपति व्हावा, ही घराण्याची मनीषा होती. परंतु १२३९ च्या सुमारास सम्राट दुसरा फ्रेडरिक व पोप ह्यांच्यांतील वैराची झळ त्या मठास लागली, आणि थॉमस ह्यांची रवानगी नेपल्सच्या विद्यापीठांत झाली. हें विद्यापीठ त्याच सम्राटानें १२२४ सालीं स्थापिलें होतें.

नेपल्स येथें दोन गोष्टी घडल्या व त्यांनीं थॉमस ह्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. एक म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल ह्याच्या ग्रंथांचा परिचय. हे ग्रंथ अरबी व ग्रीक भाषांतून लॅटिनमध्यें नुकतेच उतरत होते, आणि त्यांतील निसर्गविषयक ग्रंथ शिकविण्यास पॅरिसमध्यें १२१० व १२१५ सालीं बंदी झाली होती. दुसरी गोष्ट म्हणजे दोमिनिकन संघाच्या बंधूंची भेट. हे बंधु भिक्षा मागून राहत, अध्ययन करीत व प्रवचनें देत. १२४४ सालीं थॉमस ह्यांनीं त्यांचा झगा अंगावर घेतला.

घरीं मोठाच गहजब झाला. मठाधिपतीच्या आसनाची आशा ज्याच्याविषयीं बाळगली तो मुलगा भिक्षेकरी झाला! आईच्या सांगण्यावरून भावांनीं त्यांस वाटेंत पकडलें व सुमारें एक वर्ष घराण्याच्या गढींत कोंडून ठेविलें. ह्या कैदेंत त्यांनीं पवित्र शास्त्राचा बराचसा भाग मुखोद्गत केला असें सांगतात. अखेर घरच्यांनीं हात टेकले, आणि १२४५ सालीं ते मोकळे झाले. आपल्या मुलानें वा मुलीनें निराळी वाट धरली म्हणून ज्या घरांत अश्रु ढाळले गेले, त्या घरांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा.

पुढें पॅरिस व १२४८ पासून कोलोन येथें त्यांस आल्बर्ट महान हे गुरु लाभले. थॉमस अंगानें स्थूल व स्वभावानें अबोल होते. सहाध्यायी त्यांस थट्टेनें मुका बैल म्हणत. पण ह्या बैलाचा हंबरडा एके दिवशीं साऱ्या जगास ऐकूं जाईल, असें भाकीत आल्बर्ट ह्यांनीं केल्याची कथा प्रसिद्ध आहे.

१२५२ सालीं थॉमस पॅरिसच्या विद्यापीठांत शिकवूं लागले. त्या काळीं ईश्वरशास्त्राचें अध्ययन म्हणजे दीर्घ तपश्चर्याच होती. आधीं तर्क, व्याकरणादि विद्या; मग वर्षानुवर्षें पवित्र शास्त्र व पीटर लोंबार्ड ह्यांचा ग्रंथ. आचार्यपदास वयाची पस्तीस वर्षें पुरीं व्हावीं लागत. थॉमस ह्यांस १२५६ मध्यें तें पद मिळालें तें वयाच्या अटींतून विशेष सूट देऊन. आचार्याचीं कर्तव्यें तीन : पवित्र शास्त्राचा पाठ सांगणें, वाद चालविणें व प्रवचन करणें. भिक्षेकरी बंधूंनीं विद्यापीठांत शिकवावें हें इतर आचार्यांस मानवत नव्हतें; पोप चौथे अलेक्झांडर ह्यांनीं मध्यें पडूनही १२५७ पर्यंत थॉमस व संत बोनावेंतुरा ह्यांस आचार्यमंडळांत प्रवेश मिळाला नाहीं.

ह्या वादसभेची रीत आपल्याकडील शास्त्री मंडळींच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशीं जुळती आहे. आधीं प्रश्न; मग आपल्या मताविरुद्ध जेवढे आक्षेप निघतील तेवढे सर्व; मग आपला सिद्धान्त; आणि शेवटीं प्रत्येक आक्षेपास वेगळें उत्तर. १२६५ च्या सुमारास रोम येथें नवशिक्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं जो महाग्रंथ आरंभिला, त्या सुम्मा थेओलोजिए ग्रंथाचे ५१२ प्रश्न ह्याच रीतीनें रचलेले आहेत. ईश्वर आहे काय, हें विचारून ते प्रथम तो नाहीं असें म्हणणारांचींच कारणें देतात : जगांत दुःख व पाप आहे, आणि सृष्टीचा व्यवहार ईश्वरावांचूनही उलगडतो असें दिसतें. आजचा कॉलेजांतील तरुण ह्याहून निराळें काय विचारतो? संतानें हे आक्षेप दडविले नाहींत कीं त्यांची टिंगल केली नाहीं. बुद्धि व प्रकटीकरण हीं दोन्ही एकाच ईश्वराचीं देणीं आहेत, तेव्हां खरें तें खऱ्यास खोडणार नाहीं, ही त्यांची निष्ठा होती.

अशा विद्वानाची भक्ति कोरडी नव्हती. १२६४ सालीं पोप चौथे उर्बन ह्यांनीं ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेस लावून दिला, तेव्हां त्या सणाचीं प्रार्थनागीतें थॉमस ह्यांनीं रचलीं असें परंपरा सांगते. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळीं आपल्या वाडवडिलांनीं लॅटिनमध्यें गाइलेलें तांतुम एर्गो हें त्यांतलेंच होय.

१२७२ मध्यें ते नेपल्स येथें परतले. ६ डिसेंबर १२७३ रोजीं मिस्सा अर्पितांना त्यांस कांहीं विलक्षण अनुभव आला, आणि त्यानंतर त्यांनीं लेखणी हातीं धरली नाहीं. जें दिसलें त्यापुढें आपलें सारें लेखन गवताच्या काडीसारखें वाटतें, असें त्यांनीं आपले सोबती बंधु रेजिनाल्ड ह्यांस सांगितल्याचें नमूद आहे. महाग्रंथ अपुराच राहिला. लियोंच्या धर्मपरिषदेस जातांना वाटेंत फोस्सानोव्हा येथील मठांत ७ मार्च १२७४ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

मृत्यूनंतरही कसोटी चुकली नाहीं. बरोबर तीन वर्षांनीं, ७ मार्च १२७७ रोजीं, पॅरिसच्या बिशपांनीं २१९ मतें निषिद्ध ठरविलीं. त्यांतील कांहीं थॉमस ह्यांच्या शिकवणुकीस स्पर्श करणारीं होतीं. १३२३ मध्यें त्यांस संतपद मिळालें, व १३२५ मध्यें त्यांच्यापुरता तो निषेध मागें घेण्यांत आला. १५६७ मध्यें ते ख्रिस्तसभेचे आचार्य ठरले, आणि १८८० मध्यें पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यांस कॅथोलिक विद्यापीठांचे व शाळांचे आश्रयदाते नेमिलें. २८ जानेवारी हा आतां त्यांचा स्मरणदिन आहे.

ईश्वरशास्त्राचें अध्ययन आज केवळ धर्मगुरूंपुरतें राहिलेलें नाहीं. पुण्यांतील ज्ञानदीप ह्या संस्थेंत धर्मभगिनी व प्रापंचिक स्त्रीपुरुषही तें करितात. तेव्हां, मायबापहो, आपलें मूल प्रश्न घेऊन घरीं आलें तर त्यास गप्प करूं नका. त्याचा प्रश्न पुरता ऐका. उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगा, आणि त्यास आमच्याकडे घेऊन या. आम्हांसही प्रत्येक उत्तर येतें असें नाहीं. पण आपण मिळून शोधूं आणि मिळून वेदीपुढें गुडघे टेकूं. संत थॉमस ह्यांच्या जीवनांत हीं दोन्ही कामें एकत्र नांदलीं. आपल्या ह्या धर्मग्रामांतही तीं तशींच नांदोत, हीच जुबिलीच्या दिवशीं प्रभूचरणीं आमची प्रार्थना.