अनाथांची माउली : पंडिता रमाबाई

इ. स. १८७४ साली दक्षिणेत दुष्काळाने थैमान घातले होते. त्या दिवसांत अनंतशास्त्री डोंगरे नावाचे एक वृद्ध पंडित आपल्या कुटुंबासह तीर्थयात्रा करीत हिंडत होते. पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, हा त्यांचा क्रम. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, अशी त्या काळची समजूत होती. परंतु शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती भाषा शिकविली आणि लक्ष्मीबाईंनी तीच विद्या धाकट्या कन्येला, रमेला, दिली. घरात विद्या उदंड होती. धान्याचा मात्र कण नव्हता. भीक मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि मजुरी कशी करतात, हे कोणास ठाऊक नव्हते. रानातील पाने खाऊन दिवस काढावे लागले. प्रथम वडील गेले, काही आठवड्यांतच आई गेली. आईचे प्रेत उचलण्यास चौघेही मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. तिसरा मुलगा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिने तो भार डोक्यावर वाहिला.

पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली ही दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे त्यांनी वाळूत खड्डे खणून स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घेतले आणि रात्री काढल्या. भुकेची ही ओळख रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ निवर्तला; १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच वैधव्य आले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. तिला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व तेथून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पुढे अमेरिकेत त्यांनी हिंदुस्थानातील विधवांची दुःखे लोकांपुढे मांडली, तेव्हा बोस्टन येथे एक मंडळ स्थापन होऊन त्याने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदासदन' निघाले. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत.

पुढच्याच वर्षी शारदासदन पुण्यास आले. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला, तेव्हा १८९३ मध्ये मोठा वाद उसळला. पालकांनी मुली काढून नेल्या आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही संबंध सोडला. पालकांची भीती अकारण होती, असे म्हणता येणार नाही. पण ज्या बाईने आपली श्रद्धा कधी झाकून ठेवली नाही, तिच्यावर कपटाचा आरोप करणेही न्यायाचे नव्हते. रमाबाई गप्प राहून काम करीत राहिल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. तेथील माळावर सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी विहिरी खणविल्या व फळझाडे लावली. बोस्टनच्या साहाय्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. तत्पूर्वी संस्था आपल्या पायांवर उभी राहावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

इतक्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नान्न करून मरत आहेत, ही वार्ता ऐकून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. हाती पैसा नव्हता, ठेवण्यास जागा नव्हती. तरी त्या निघाल्या. नकाशा काढून पाहावा. त्या प्रांतातून पुण्याकडे येणारा लोहमार्ग भुसावळ, जळगाव, चाळीसगाव असा अवघा खानदेश ओलांडून मनमाडास येतो. एवढ्या लांब जाऊन त्यांनी दुष्काळी छावण्या पाहिल्या. हाडांचा सापळा झालेल्या पोरक्या मुली तेथे होत्या आणि त्यांना फसवून नेण्यास टपलेली दुष्ट माणसेही होती. रमाबाई त्या मुलींना घेऊन पुण्यास आल्या, तर शहरात प्लेगची धास्ती; अधिकाऱ्यांनी त्यांना तेथे ठेवण्यास मनाई केली. मग केडगावचा तो माळच उपयोगी पडला. झोपड्या उभारल्या गेल्या आणि पाहता पाहता तीनशे मुली गोळा झाल्या.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. केडगावी मात्र कुणब्यांच्या, मजुरांच्या, नाना जातींच्या लेकी आल्या. भुकेने जात पुसली नव्हती, ती रमाबाईंनीही पुसली नाही. शारदासदनात शिकून तयार झालेल्या स्त्रिया आता या नवागत मुलींच्या शिक्षिका झाल्या. कोणी न्हाऊमाखू घाली, कोणी मुळाक्षरे गिरवून घेई. या वसतीचे नाव 'मुक्तिसदन'. इ. स. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना नुसते दान किती दिवस पुरणार? म्हणून शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना असे उद्योग काढले. ते सारे स्त्रियाच चालवीत. अंध मुलींनाही वगळले नव्हते. मनोरमाबाई त्यांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकवीत.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातांपैकी अनेक हात दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे होते. काम संपत आले असता १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईने शोक आवरून मुद्रिते तपासली. ती पुरी झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांची संस्था त्याच माळावर आजही चालू आहे.