हॅली फ्लॅनगन : लोकांच्या नाटकाची निर्माती

वस्तीत भीमजयंतीचं नाटक बसवायचं ठरलं की भूमिका मागायला पोरं-पोरी रांग लावतात. वर्गणीचं पावतीपुस्तक हातात घ्यायला मात्र कुणी पुढे येत नाही. हॉलचं भाडं, माईकवाला, पोलीस परवानगी, तालमीनंतरचा चहा-वडापाव, मुलींना रात्री घरापर्यंत सोडणं, हे सगळं कुणीतरी निमूट करत असतं. नाटकाच्या धंद्यात या माणसाला निर्माता म्हणतात. काही वर्षांपासून आम्ही हेच काम करतो. म्हणूनच अमेरिकेतल्या एका बाईंचं आयुष्य आम्हाला आपल्या तरुण कार्यकर्त्यांसमोर ठेवावंसं वाटतं. त्यांचं नाव हॅली फ्लॅनगन.

हॅलींचा जन्म 1889 साली साउथ डकोटा राज्यात झाला. बालपण आणि कॉलेज आयोवातल्या ग्रिनेल या छोट्या गावात. 1919 मध्ये नवरा क्षयाने गेला. तीन वर्षांनी थोरला मुलगाही आजारपणात गेला. धाकट्याला सांभाळत त्या हार्वर्डला नाटक शिकल्या आणि 1925 पासून वासार या मुलींच्या कॉलेजात शिकवू लागल्या. मध्यंतरी शिष्यवृत्तीवर युरोप आणि रशियाची रंगभूमी पाहून आल्या. 1931 मध्ये त्यांनी विद्यार्थिनींना घेऊन आर्कान्सासमधल्या दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांवर नाटक केलं. नाटक फक्त शहरातल्या सुखवस्तू लोकांसाठी नसतं, हे त्यांचं मत तोवर पक्कं झालं होतं.

तो महामंदीचा काळ होता. कोट्यवधी लोक बेकार होते, त्यात नट, सुतार, शिंपी, वादक, तिकीट फाडणारेही होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना काम देण्याची मोठी योजना आणली. आपल्या रोजगार हमीसारखीच, पण त्यात कलावंतांनाही जागा होती. योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स हे ग्रिनेल कॉलेजचेच. ऑगस्ट 1935 मध्ये त्यांनी नाटकाच्या विभागाची, म्हणजे फेडरल थिएटर प्रोजेक्टची, जबाबदारी हॅलींकडे सोपवली.

इथून त्या खऱ्या अर्थाने निर्मात्या झाल्या. स्वतः दिग्दर्शन करण्यापेक्षा दुसऱ्यांना करता यावं याची सोय लावणं, हे त्यांचं काम झालं. भरभराटीच्या काळात या प्रकल्पात 12 हजारांहून अधिक माणसं पगारावर होती. बहुतेक सगळी बेकारांच्या यादीतून घेतलेली. बरेच प्रयोग फुकट होते आणि बाकीच्यांचं तिकीट गरिबाला परवडेल असं. शाळा, इस्पितळं, बागा, जिथे माणसं होती तिथे नाटक गेलं. पहिल्यांदाच नाटक पाहणारे त्यात असंख्य होते.

आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं म्हणजे कृष्णवर्णीयांची स्वतंत्र नाट्यपथकं. न्यूयॉर्क, शिकागो, सिअ‍ॅटल, बोस्टन, बर्मिंगहॅम अशा अनेक शहरांत ती उभी राहिली. तोवर कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला नोकराची किंवा विदूषकाची भूमिका यायची. 14 एप्रिल 1936 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या लाफायेत थिएटरात शेक्सपिअरचं मॅकबेथ उभं राहिलं. कथा हैतीसारख्या बेटावर नेलेली, राजा, राणी, सैनिक सगळे कृष्णवर्णीय. दिग्दर्शक होते विशीतले ऑर्सन वेल्स. पहिल्या प्रयोगाला इतकी गर्दी झाली की समोरची वाहतूक थांबली. हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे, जिथे वीस वर्षांपूर्वी बाबासाहेब शिकत होते. तारीख जुळली हा योगायोग, पण आम्हाला तो विसरता येत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फॅसिझमविरोधी एक नाटक देशभर एकाच दिवशी वीसहून अधिक ठिकाणी लागलं. कुठे यिद्दिशमध्ये, कुठे स्पॅनिशमध्ये, सिअ‍ॅटलला कृष्णवर्णीय पथकाकडून. प्रत्येक समाजाने ते आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी केलं.

हे सगळं निर्मळ नव्हतं. कृष्णवर्णीय पथकांचीही बरीच सूत्रं गोऱ्या व्यवस्थापकांच्या हाती होती. आणि पैसा सरकारचा होता. 1936 च्या सुरुवातीलाच इथिओपियावरच्या इटलीच्या आक्रमणाचं नाटक वरून थांबवण्यात आलं. निषेध म्हणून न्यूयॉर्कचे प्रमुख एल्मर राइस यांनी राजीनामा दिला. हॅली मात्र राहिल्या. सगळ्यांनीच पद सोडलं तर हजारो कलावंतांचा पगार कोण पाहणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ती तडजोड होती की जबाबदारी, यावर वाद होऊ शकतो. आम्हालाही ती वेळ आली आहे. एका वर्षी हॉलचं भाडं भरणाऱ्या पुढाऱ्याने आमच्या नाटकातला एक प्रवेश काढायला लावला. आम्ही काढला. पोरांना ते आवडलं नाही आणि आम्हालाही अजून बोचतं.

1938 मध्ये संसदेच्या डाइस समितीने या प्रकल्पावर कम्युनिस्ट प्रचाराचा ठपका ठेवला. समितीपुढे आणखी एक तक्रार आली, ती आपल्याला लगेच कळेल. एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याने आपल्याला सोबत फिरायला बोलावलं, असं एका गोऱ्या अभिनेत्रीने सांगितलं. बरोबरीने वागणं हाच गुन्हा ठरवला गेला. हॅलींना बाजू मांडायला मिळाली ती थेट 6 डिसेंबरला, तीही एकाच सकाळपुरती. एका सदस्याने सोळाव्या शतकातला नाटककार मार्लो कम्युनिस्ट होता का, असं विचारलं. सभागृह हसलं. हॅली हसल्या नाहीत, कारण सुमारे आठ हजार माणसांची रोजीरोटी त्या उत्तरांवर अवलंबून होती. 30 जून 1939 रोजी संसदेने निधी तोडला आणि प्रकल्प एका दिवसात संपला. पुढे त्यांनी या चार वर्षांवर पुस्तक लिहिलं, पुन्हा कॉलेजात गेल्या, कंपवाताने त्रासल्या आणि 1969 मध्ये वारल्या.

त्याच तीसच्या दशकात आपल्याकडे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. त्यांना सरकारी पगार नव्हता, पण कुठल्या संसदेला ठराव करून ते बंदही करता आले नसते. मात्र त्या कलावंतांनी जी पदरमोड केली, तिचा हिशेब आपण कधी ठेवला नाही. हॅलींनी कलावंताला मजुरी मिळवून दिली, जलशांनी स्वतःच्या पायावर उभं राहून दाखवलं. आपल्या नाटकाला दोन्ही हवं. कलावंताला प्रवासखर्च आणि जेवण देणं हा उपकार नसतो. आणि तो पैसा एका मोठ्या देणगीदाराकडून येण्यापेक्षा शंभर घरांतून आला, तर संहितेवर कुणा एकाची कात्री चालत नाही.

म्हणून यंदा आम्ही घराघरांतून थोडी थोडी वर्गणी घेतो आहोत आणि जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लावतो आहोत. काढलेला तो प्रवेश यंदा नाटकात परत आला आहे. पावतीपुस्तक धरायला दोन मुली तयार झाल्या आहेत. पत्रिकेवर त्यांचं नाव नटांच्या वर छापायचं ठरलं आहे.