रग्बीचे डॉक्टर आर्नोल्ड

शाळेंत एका मुलानें दुसऱ्यास मारिलें, कोणीं धाकट्याला दरडावून त्याचा खाऊ हिरावून घेतला, असें ऐकिलें म्हणजे पुष्कळ पालक म्हणतात कीं, आमच्या वेळीं असें नव्हतें. ज्यांना असें वाटतें त्यांनीं इंग्लंडांतील नामांकित शाळांचा दोनशें वर्षांपूर्वींचा इतिहास वाचावा. त्याच इतिहासांत डॉक्टर टॉमस आर्नोल्ड या थोर शिक्षकाचें चरित्र येतें. तें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें थोडक्यांत ठेवूं इच्छितों.

आर्नोल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजीं वाइट बेटावर झाला. वडील जकात खात्यांत अधिकारी होते; मुलगा लहान असतांनाच ते वारले. टॉमसचें शिक्षण विंचेस्टरच्या शाळेंत व पुढें ऑक्सफर्ड विद्यापीठांत झालें. १८१९ पासून त्यांनीं थेम्स नदीकांठच्या लेलहॅम गांवीं कांहीं थोड्या मुलांना घरीं ठेवून शिकविलें. इ. स. १८२८ मध्यें ते रग्बी येथील शाळेचे हेडमास्तर झाले.

त्या काळीं अशा शाळांची स्थिति शोचनीय होती. रात्रीं वसतिगृहाचें दार लागलें कीं आंत मोठ्या मुलांचें राज्य असे. धाकट्यांनीं त्यांचीं कामें करावीं व चुकल्यास मार खावा, असा परिपाठ होता. १८२५ मध्यें ईटनच्या शाळेंत दोन मुलांचें मुष्टियुद्ध सुमारें दोन तास चाललें. भोंवतीं सोबती पाहत उभे होते. अखेर लढणाऱ्यांपैकीं एक मुलगा प्राणास मुकला.

खुद्द रग्बींत १७९७ सालीं बंड झालें होतें. एका मुलाजवळ बंदुकीची दारू सांपडली. ती अमक्या दुकानदारानें विकली, असें त्यानें खरें तेंच सांगितलें. दुकानदारानें कानांवर हात ठेविले. हेडमास्तरांनीं दुकानदाराचें ऐकिलें आणि मुलाला खोटें बोलल्याबद्दल फटके मारिले. मग सोबत्यांनीं दुकानाच्या खिडक्या फोडल्या. वरच्या वर्गांनीं नुकसान भरावें असा हुकूम निघतांच मुलांनीं दारूच्या स्फोटानें हेडमास्तरांच्या वर्गाचें दार उडविलें, बाकें व पुस्तकें मैदानांत जाळलीं आणि खंदकानें वेढलेल्या एका उंचवट्याचा आश्रय केला. शेवटीं दंग्याचा कायदा वाचून शिपायांकरवीं त्यांना पकडावें लागलें. मुलांचें कृत्य निंद्य होतें यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं एका मुलाचा खरा शब्द खोटा ठरविला गेला होता, हें विसरूं नये.

अशा शाळेची सूत्रें आर्नोल्ड यांच्या हातीं आलीं. त्यांनीं सर्वांत वरच्या वर्गांतील मुलांना विश्वासांत घेतलें. तुमचें बळ धाकट्यांना छळण्यासाठीं नसून त्यांचें रक्षण करण्यासाठीं आहे, अशी जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सहाय्यक शिक्षकांचें वेतन वाढवून त्यांनीं वसतिगृहें त्यांच्या देखरेखीखालीं आणलीं. ज्याच्या संगतीनें इतर बिघडतील अशा मुलास ते शाळेंतून काढून नेण्यास सांगत. दर रविवारीं शाळेच्या चॅपलमध्यें ते स्वतः उपदेश करीत. आणि विशेष हें कीं, मुलानें एखादी गोष्ट सांगितली तर ते ती खरी मानीत. यामुळें त्यांच्याशीं खोटें बोलणें लाजिरवाणें आहे, अशी समजूत मुलांतच रूढ झाली.

तथापि ते निर्दोष नव्हते. छडी त्यांनीं सोडली नाहीं. खोटें बोलणें इत्यादि अपराधांसाठीं ती लहान मुलांना मिळे. १८३२ मध्यें एक मुलगा म्हणाला कीं, हा भाग आमच्या वर्गांत झालेला नाहीं. आर्नोल्ड यांना तें खोटें वाटलें व संतापाच्या भरांत त्यांनीं त्याला अठरा फटके मारिले. मागाहून कळलें कीं मुलगा खरें बोलत होता. पस्तीस वर्षांपूर्वींच्या हेडमास्तरांनीं केलेली चूकच विश्वासाचा धडा देणाऱ्या या गुरूच्या हातून घडली! फरक इतकाच कीं, आर्नोल्ड यांनीं ती लपविली नाहीं. उघडपणें त्या मुलाची क्षमा मागितली. आम्हां शिक्षकांना हा प्रसंग वाचतांना मान खालीं घालावी लागते. मुलाचें म्हणणें पुरतें ऐकून न घेतां आमचाहि आवाज किती वेळां चढला असेल!

त्यांच्या शाळेंतून छळ नाहींसा झाला असेंहि नाहीं. त्यांचे शिष्य टॉमस ह्यूज यांनीं १८५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कादंबरींत एक दांडगा मुलगा धाकट्याला विस्तवासमोर धरून भाजतो. पुढें त्याला शाळेंतून काढतात, पण तें दारू प्याल्याबद्दल. छळाची वार्ता गुरुजींपर्यंत पोहोंचतच नाहीं, कारण सोसणारा व पाहणारे दोघेहि गप्प राहतात. थोर हेडमास्तरालाहि न सांगितलेलें दुःख दिसत नाहीं.

१२ जून १८४२ रोजीं, सत्तेचाळिसावा वाढदिवस एका दिवसावर असतांना, हृदयविकारानें आर्नोल्ड यांचें निधन झालें. रग्बीच्या चॅपलमध्येंच त्यांची समाधि आहे.

आपल्या देशांत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे, हें योग्यच झालें. परंतु कायदा छडी काढून घेऊं शकतो. विश्वास आपणच द्यावा लागतो. विद्यार्थ्यांनो, कोणी दुबळ्यास छळीत असेल तर तें शिक्षकांस सांगणें म्हणजे चहाडी नव्हे. भोंवतीं उभें राहून पाहणें हाच खरा भ्याडपणा होय. वरच्या वर्गांतील मुलांनो, धाकट्यांना तुमचा आधार वाटतो कीं धाक, हें आपल्या मनाला विचारा. आणि पालकहो, मूल उदास होऊन घरीं आलें तर आधीं त्याचें ऐका, निवाडा मागाहून करा. आम्हीहि तसेंच करण्याचा प्रयत्न करूं. आणि चुकलों तर मुलाजवळ चूक कबूल करण्यास लाजणार नाहीं.