नळीतली रंगाची रेघ

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर रेनॉल्ड्स नंबर तुम्हाला तोंडपाठ असणार. २००० च्या खाली लॅमिनर, ४००० च्या वर टर्ब्युलंट, मधलं ऑप्शनला. (आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, पान उलटू नका, गणित इथेच संपलं. जवळपास.) पण हा रेनॉल्ड्स होता कोण, हे व्हायव्हात कुणी विचारत नाही.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सचा जन्म १८४२ चा, बेलफास्टचा. वडील धर्मगुरू आणि हेडमास्तर, पण केंब्रिजमध्ये गणित शिकलेले आणि शेतीच्या अवजारांवर पेटंट घेणारे. पोरगा एकोणिसाव्या वर्षी बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारीला लागला. तिथे त्याला कळलं की डोळ्यांसमोर जे घडतंय ते समजून घ्यायचं तर गणित पाहिजे. मग तो केंब्रिजला गेला. आधी वर्कशॉप, मग डिग्री! १८६८ मध्ये, पंचविशीतच, तो मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनीअरिंगचा प्रोफेसर झाला. त्याच वर्षी लग्न झालं आणि वर्षभरात बायको गेली. तो मात्र त्याच कॉलेजात १९०५ पर्यंत टिकून राहिला.

आता जरा त्याच्या गावातल्या आजच्या घरात डोकावू. तुमचा एखादा सीनिअर तिकडे मास्टर्सला गेला असेल, तर त्याच्या खोलीत खिडकीखाली पांढरा रेडिएटर असतो. स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, छोटा पंप ते घरभर फिरवतो आणि थंड झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. जुन्या पंपांवर १, २, ३ असं बटण असतं. थंडी वाजली की हात आपोआप ३ कडे जातो. पाणी जोरात म्हणजे ऊब जास्त, नाही का?

या प्रश्नाच्या मुळाशी रेनॉल्ड्स १८७४ मध्येच पोचला होता. तापलेल्या धातूकडून पाणी उष्णता कशी उचलतं? त्याचं म्हणणं असं की एक तर ती थरातून थरात हळूहळू झिरपते, आणि दुसरं म्हणजे पाण्यात भोवरे उठले की ते गरम पाणी भिंतीपासून उचलून मध्ये नेतात. भोवरे वाढतात वेगाबरोबर. म्हणून बॉयलरमधून पाणी फारच संथ गेलं, तर धातूला चिकटलेला थर तिथल्या तिथे उकळायला लागतो आणि चहाचं आधण ठेवल्यासारखा आवाज येतो. म्हणजे १ वर ठेवून भागतंच असंही नाही.

हे भोवरे उठतात नेमके कधी? १८८३ चा त्याचा प्रयोग याच प्रश्नासाठी होता. पाण्याने भरलेली काचेची टाकी, आत कर्ण्यासारख्या तोंडाची काचेची नळी, आणि तोंडाशी सोडलेली रंगाची बारीक धार. व्हॉल्व्ह थोडा उघडला की नळीभर सरळ रेघ, दोरा ताणल्यासारखी. अजून उघडत गेलं की एका क्षणी रेघ मोडते आणि रंग सगळ्या पाण्यात पसरतो. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिलं तर त्या पसाऱ्यात वेटोळी दिसली. नळीची रुंदी, पाण्याचा वेग आणि पाण्याचा घट्टपणा, या तिघांच्या एका हिशोबावर हे ठरतं, हे त्याने दाखवून दिलं.

सोबत त्याने घर्षणही मोजलं. रेघ सरळ असते तोवर वेग दुप्पट केला की दाब दुप्पट लागतो. भोवरे उठले की गणित महाग होतं. शिशाच्या नळ्यांत वेगाचा घात १.७२ च्या आसपास निघाला. म्हणजे दुप्पट वेगाला सव्वातीनपट दाब. पाणीही दुप्पट ढकलायचं, म्हणजे पंपाचं काम साडेसहापट!

आणि बदल्यात मिळतं काय? समजा घराला १२ किलोवॅट ऊब हवी. पाणी ७० अंशांवर निघून ५० वर परत येत असेल, तर मिनिटाला साडेआठ लिटर पुरतं. ते दुप्पट केलंत तर परतीचं पाणी ६० च्या आसपास येतं. रेडिएटर किंचित जास्त तापतो, बस. कारण आता अडतंय ते खोलीतल्या हवेकडे, पाण्याकडे नाही. वर आजचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही परत मिळवतात, आणि त्यासाठी परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली लागतं. म्हणजे ३ वर ठेवलंत की वीज जाते, गॅसही जातो आणि पाइप रात्रभर घूं घूं करतात ते वेगळंच.

पंपाशी रेनॉल्ड्सचं नातं कागदावरचं नव्हतं. १८७५ मध्ये त्याने पंपाचं पेटंट घेतलं: फिरत्या चाकाभोवती स्थिर पाती बसवायची, म्हणजे पाण्याचा वेग वाया न जाता त्याचा दाब होतो. १८९३ पासून मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅटने ते पंप बनवले. नाव ओळखीचं वाटतंय? चिंचवडच्या कारखान्याच्या पाटीवर असायचं तेच.

शिक्षक म्हणून मात्र तो अवघड होता. पुढे इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन त्याचा विद्यार्थी. त्याच्यासारख्यालाही लेक्चरमध्ये सरांचा धागा पकडणं सोपं जात नसे. दुसऱ्यांचं आधी वाचायचं नाही, प्रश्न स्वतः मुळापासून सोडवायचा, ही रेनॉल्ड्सची पद्धत. परीक्षेला घातक, पण शोध लागले ते यातूनच, असं मला वाटतं.

शेवटची वर्षं वाईट गेली. बुद्धी साथ देईनाशी झाली म्हणून १९०५ मध्ये नोकरी सोडावी लागली. त्या आकड्याला त्याचं नाव जर्मनीच्या झोमरफेल्डने दिलं ते १९०८ मध्ये. १९१२ मध्ये रेनॉल्ड्स गेला.

त्याचं ते प्रयोगाचं यंत्र मँचेस्टर विद्यापीठाने जपून ठेवलंय. पुढच्या काळात त्यावर पुन्हा प्रयोग केला तेव्हा रंगाची रेघ त्याच्यापेक्षा कमी वेगालाच मोडली. बाहेरच्या रस्त्यावरून आता घोडागाड्या जात नाहीत, मोटारी जातात, आणि त्यांची थरथर टाकीपर्यंत पोचते.