बापू, म्हणजे वॉर्डातले ‘ब्रदर’

सेवाग्रामला तुम्ही गेलाच असाल. शाळेच्या सहलीत, एनएसएसच्या कॅम्पमध्ये, नाहीतर असंच मित्रांसोबत गाडी काढून. बापू कुटीसमोर फोटो काढला, चरखा बघितला, झालं. आश्रमात आणखी एक छोटी कुटी आहे, परचुरे कुटी. पुढच्या वेळी तिथं दोन मिनिटं थांबा. गांधीजींच्या आयुष्यातलं एक काम आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही, ते तिथं कळतं. हा माणूस लहानपणापासून रुग्णांची शुश्रूषा करत होता. दवाखान्यात आपण ज्यांना ‘ब्रदर’ म्हणून हाक मारतो ना, अगदी तेच काम.

सुरुवात राजकोटच्या घरात झाली. वडील करमचंद भगंदराने आजारी होते. मोहन शाळेत जाणारा पोरगा. पण जखम धुणं, पट्टी बदलणं, औषध तयार करून देणं, रात्री पाय चेपणं ही ड्युटी त्याची. १८८५ मध्ये वडील गेले. त्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही बोच गांधीजींना जन्मभर राहिली.

पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात सुरू होती. तरी डर्बनला रोज सकाळी तास-दोन तास ते डॉ. बूथ यांच्या धर्मादाय दवाखान्यात जायचे. गिरमिटिया मजुरांच्या तक्रारी ऐकायच्या, डॉक्टरांना समजावून सांगायच्या, औषधं द्यायची. १८९९ मध्ये बोअर युद्ध पेटलं, तेव्हा त्यांनी सुमारे ११०० भारतीयांचं पथक उभं केलं. जखमी सैनिकांना स्ट्रेचरवर घालून कधीकधी दिवसाला २०-२५ मैल पायी न्यावं लागे.

खरी परीक्षा झाली १९०६ मध्ये. झुलू लोकांनी कराविरुद्ध बंड केलं आणि इंग्रजांनी ते चिरडलं. गांधीजी पुन्हा पथक घेऊन गेले, तेही इंग्रजांच्या बाजूनं. तिथं जाऊन बघतात तर काय, समोर चाबकानं फोडून काढलेले झुलू! जखमा चिघळलेल्या, कारण गोऱ्या परिचारकांना त्यांना हात लावायचा नव्हता. ते काम या भारतीय पथकानं घेतलं. गोरे सैनिक कुंपणाबाहेरून डिवचत होते. जखमींची भाषाही येत नव्हती. तरी जखमा धुणं, पट्ट्या बांधणं थांबलं नाही. आपण कुणाच्या बाजूनं आलो, हा प्रश्न या कामानं गांधीजींच्या मनात खोल रुतवला.

आता या आपल्या वर्ध्यात. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. याच गावाचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आश्रमाच्या दारात आले. संस्कृतचे पंडित, स्वातंत्र्याच्या लढ्यात येरवड्याचा तुरुंग भोगलेले. पण कुष्ठरोगामुळे त्यांना कुणी जवळ करेना. आत घ्यायचं तर आश्रमातल्या बाकीच्यांचंही काय? गांधीजींनी विषय सगळ्यांपुढे मांडला. शास्त्रीबुवा राहिले, आणि त्यांची कुटी गांधीजींच्या कुटीजवळच उभी राहिली.

देशभरातले पुढारी भेटीला रांगेत असताना गांधीजी रोज वेळ काढून त्यांच्या जखमा स्वच्छ करायचे, अंगाला मालिश करायचे. यात नुसता चांगुलपणा नव्हता, बरं का. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. पायात काटा मोडला, चटका बसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. अशा वेळी दुसऱ्या कुणाची तरी नजर आणि हात रोज त्या पायावरून फिरावा लागतो. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. रोग मुळापासून जाईल अशी आशा कमीच. पण जखम स्वच्छ राहिली, वेदना हलकी झाली आणि माणूस माणसांत राहिला. पुढे ते वर्ध्याजवळच दत्तपूरला, मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या कुष्ठधामात राहिले. १९४५ मध्ये तिथंच ते गेले.

गांधीजी गेले त्या ३० जानेवारीला आज आपल्याकडे कुष्ठरोग निर्मूलन दिन पाळतात. आता बहुविध औषधोपचारानं हा रोग पूर्ण बरा होतो. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला सुरू केलेल्या छोट्या दवाखान्याचं कस्तुरबा हॉस्पिटल झालं, १९६९ मध्ये मेडिकल कॉलेजही आलं.

उद्या तुमचा एखादा मित्र गाडीवरून पडला, पाय मोडून वॉर्डात महिनाभर पडून राहिला, तर तुम्ही फळं घेऊन जाल, पाच मिनिटं बसाल, परत याल. त्यापेक्षा तिथल्या सिस्टरला विचारा. त्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, भरवायचं कसं, त्या दाखवतील. एक रात्र त्याच्याजवळ थांबा. घरच्यांना झोप मिळेल, आणि त्यालाही.